पावणेचार रुपयांचा आहेर

आमच्या नातेवाइकांत माझ्या आत्याला ‘पावणेचार’ असं नाव पडलं होतं. ते मी पाडलं. नावं ठेवण्यात आमचं घराणं पहिल्यापासून तरबेज. पण बाकीच्यांनी ठेवलेली नावं चार दिवसांत विरायची, माझं मात्र टिकलं. विनोद चांगला होता, हीच अडचण झाली. वाईट विनोदाने फारसं नुकसान होत नाही, कारण तो कुणी पुढे सांगत नाही.

१९८४ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न सांगलीला झालं. मी तेव्हा पुण्यात एका करसल्लागाराकडे उमेदवारी करत होतो. दुसऱ्यांची विवरणपत्रं भरता भरता आपल्याला माणसंही कळायला लागली आहेत, असा माझा समज झाला होता. त्यामुळे आहेराच्या टेबलावर वही घेऊन कोण बसणार, हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही.

आहेराची वही ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती कोत्या मनाची वाटते. तशी ती नव्हती. लग्न काढायचं म्हणजे वर्षाची मिळकत दोन दिवसांत उडवायची. बँक लग्नाला कर्ज देत नसे आणि सावकाराचं परवडत नसे. मग भाऊबंद, सोयरे, शेजारी थोडं थोडं घालायचे आणि कार्य पार पडायचं. आज माझ्याकडे तुमचे एक्कावन्न आले, उद्या तुमच्या मुलीच्या लग्नात माझे एकशे एक जातील. ते विसरायला नको म्हणून वही. वरचा एक रुपयाही याच व्यवहारातला. रकमेच्या शेवटी शून्य आलं की हिशेब मिटला, असं जुनी माणसं मानत. वर एक घातला की खातं उघडं राहतं, येणं-जाणं चालू राहतं. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

वहीत नाव, गाव आणि आहेर असे तीन रकाने असायचे. वस्तू आली तर नुसतं ‘स्टीलचा डबा’ किंवा ‘पातेलं, झाकणासह’ एवढंच लिहायचं. मी चौथा रकाना आखला : अंदाजे किंमत. ही सुधारणा माझी स्वतःची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो रकाना पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि काही न बोलता आचाऱ्याकडे निघून गेले. लग्नघाईत त्यांना बोलायला वेळ नसेल, असं मी धरून चाललो.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, मंगळवेढ्याला दिलेली. मंगळवेढा हे दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडून देणाऱ्या माणसाचं गाव, आणि तिथून आमच्याकडे यायची ती सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणारी आत्या. जमीन काळी, ज्वारी नावाजलेली, पण सगळा भरवसा पावसावर. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती, असं आमच्या घरात हळू आवाजात बोललं जायचं. ती स्वतः त्याविषयी कधी बोलली नाही. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहायची, भाजीवालीशी चार आण्यांवरून एवढा वेळ घालवायची की आम्ही मुलं पुढे निघून जायचो. आत्या चिकट नव्हती, सगळा माझा गैरसमज होता, असं मी आज म्हणणार नाही. ती चिकट होतीच.

लग्नाच्या दिवशी तिने टेबलावर एक पुडकं ठेवलं. खाकी कागद, वर लाल नाडा. “तिच्या हातात दे. तिच्याच,” एवढं म्हणून ती आत बहिणीकडे गेली. मी सगळी पुडकी उघडत होतो, हेही उघडलं. आत पोस्टकार्डं होती. कोरी. मोजली तर पंचवीस भरली. प्रत्येकावर आत्याच्या ठसठशीत अक्षरात आमचा सांगलीचा पत्ता लिहिलेला, आणि प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं.

पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळायचं. मी वहीत लिहिलं : ‘पोस्टकार्डे, नग २५’. चौथ्या रकान्यात लिहिलं : ‘३.७५’. मागे उभा असलेला चुलतभाऊ वाकून बघत होता, तो फिसकन हसला. त्याच्या हसण्याने मला चेव आला. मी वही उचलून धरली आणि आजूबाजूच्या आठ-दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “पावणेचार रुपयांचा आहेर! आत्याला चार आणे परत द्यायचे असतील, कुणाकडे सुट्टे आहेत का?”

सगळे हसले. मंगल कार्यालयात दुपारच्या उकाड्यात लोकांना हसायला काहीतरी हवंच असतं. त्यातल्या दोघांनी तो विनोद जेवणाच्या पंगतीत नेला, पंगतीतून तो बायकांच्या खोलीत गेला, आणि वरात निघाली तोवर आत्याचं बारसं झालेलं होतं.

त्या क्षणाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. हसू आलं, याचं मला वाईट वाटत नाही. आहेरात कोरी पोस्टकार्डं बघून कुणालाही हसू येईल. पण माझ्या समोरच्या कार्डांवर पत्ते लिहिलेले होते, कोपऱ्यांना कुंकू लावलेलं होतं. कुणीतरी बसून, सवड काढून, एकेक कार्ड हातात घेऊन हे केलं होतं. हे का केलं असेल, असा साधा प्रश्न मला पडायला हरकत नव्हती. मला प्रश्न पडला तो एवढाच की पंचवीस गुणिले पंधरा किती. आणि तो सुटला म्हणून मी खूश झालो.

पुढच्या वर्षी मिरजेला एका भाच्याची मुंज होती. जेवणं उरकली होती, बायका पान लावत बसल्या होत्या. एवढ्यात एक पाच-सहा वर्षांचा मुलगा धावत आला आणि आत्याचा पदर ओढून म्हणाला, “पावणेचार आजी, तुम्हाला बाहेर बोलावलंय.” त्याला वाटत होतं ते तिचं नावच आहे. घरात तो तेच ऐकत आला होता. त्याच्या आईचा चेहरा पांढरा पडला. आत्याने मुलाकडे बघितलं, “आले हं बाळा,” म्हणाली आणि उठून गेली. जाताना ती माझ्या अंगावरून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी ताकाचा पेला हातात धरून उभा होतो, पीत होतो असं भासवत. तेव्हाच मागे जाऊन दोन शब्द बोलता आले असते. ‘तिला कुठे माहीत आहे नाव कुणी पाडलं’ अशी मी स्वतःची समजूत घातली. आमच्यासारख्या घरात असलं काही गुप्त राहत नाही, हे माहीत असूनही.

माझं लग्न १९८६ च्या डिसेंबरात झालं. आत्या आली. आहेराच्या टेबलाकडे गेलीच नाही. सरळ व्यासपीठावर आली, माझ्या बायकोच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि माझ्या हातात एक छोटी मखमली डबी ठेवली. चार ग्रॅमची सोन्याची अंगठी. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला दोन हजारांच्या पुढे होतं. आमच्या नात्यात सख्ख्या मामाशिवाय सोनं कुणी घालत नसे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “पावती आत ठेवलीय. वहीत लिहिताना अंदाज नको.”

म्हणजे चौथा रकानाही तिच्यापर्यंत पोचला होता.

रात्री पाकिटं आणि डब्या उघडताना बायको म्हणाली, “या आत्यांचा फारच जीव दिसतो तुमच्यावर.” मी हो म्हणालो आणि पावती वाचायला घेतली. कागद वाचणं हा माझा धंदाच. पंढरपूरच्या सराफाची पावती होती. वर अंगठीचं वजन, भाव, मजुरी. खाली ‘मोड’. त्यापुढे लिहिलं होतं : ‘बुगड्या, जोड’. वजन, घट वजा, उरलेल्या सोन्याची किंमत. शेवटी फरकाची रक्कम, रोख.

बुगड्या मी लहानपणापासून तिच्या कानात बघितल्या होत्या. त्या दिवशी व्यासपीठावर ती माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होती, तरी तिच्या कानाकडे माझं लक्ष गेलं नाही. पावती मात्र मी नीट वाचली.

ती अंगठी मिरवण्यासारखी होती आणि बायकोने पुष्कळ दिवस मिरवलीही. नातेवाइकांत आत्याचं नाव झालं. ‘पावणेचार’ म्हणणारे गप्प झाले. कुणी म्हणालं, म्हातारीने लाज राखली. कुणी म्हणालं, पुतण्यावर माया आहे हो. मला एकट्याला ठाऊक होतं की त्या अंगठीत माया अजिबात नव्हती. मला आयुष्यात मिळालेला तो सगळ्यात महागडा आहेर. त्यात होती ती फक्त वसुली, आणि तिची किंमत तिने स्वतःच भरली होती.

पोस्टकार्डांचं काय झालं, हे मला त्याच्या पुढच्या भाऊबीजेला कळलं. तेही मी विचारलं म्हणून. बहीण ओवाळून झाल्यावर फराळाचं ताट घेऊन बसली होती. मी सहज विचारल्यासारखं केलं, “ती आत्याची कार्डं कधी वापरलीस का गं?”

“वापरली का काय विचारतोस दादा,” ती म्हणाली. “पहिली दोन वर्षं त्या घरात माझ्या हातात पैसा म्हणून नव्हता. वाईट नव्हते रे कुणी. पण सुईदोरा आणायचा तरी सासूबाईंना सांगायला लागायचं. पत्र टाकायचंय, पैसे द्या, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? कार्डं माझ्या ट्रंकेत होती. त्या घरात मला मागायला न लागणारी तेवढी एकच वस्तू.”

मी म्हणालो, मग अंतर्देशीय पत्रं द्यायची होती, निदान मजकूर झाकलेला राहतो. बहीण हसली. “हेच मी तिला लग्नाआधी विचारलं होतं. ती म्हणाली, बंद पत्र टाकलंस की घरातले विचारतील काय लिहिलंस. उघडं कार्ड सासरे स्वतःच वाचून पेटीत टाकतील. तसंच झालं. मामंजी वाचायचे आणि खाली स्वतःचा नमस्कार लिहायचे.”

पत्ते का लिहून ठेवले होते, तेही कळलं. नवी नवरी स्वयंपाकघरातून उठून दौत-लेखणी घेऊन किती वेळ बसणार? पत्ता तयार असला की तेवढाच वेळ वाचतो, दोन ओळी खरडून कार्ड देता येतं. हळदकुंकू मात्र आत्याचं आपलं. आमच्याकडे मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत होती आणि शुभ बातमीच्या कार्डाला कुंकू लावायची. आत्याने पंचवीसच्या पंचवीस बातम्या आधीच शुभ ठरवून टाकल्या होत्या. पुढे सासूबाईंचे वडील वारले तेव्हा बहिणीला ते कळवायला बाजारातून साधं कार्ड मागवावं लागलं, आणि त्या दुःखातही आपल्याला हसू आलं, असं ती म्हणाली.

आईच्या कपाटात ती कार्डं मी पाहिलेली होती. पत्ता आत्याच्या अक्षरात, मजकूर बहिणीच्या. ‘सर्व खुशाल, काळजी नसावी’ यापलीकडे त्यात काही नसायचं. आई ती पुन्हा पुन्हा का वाचायची, याचं मला नवल वाटायचं.

आत्याला स्वतःला हे कुठून सुचलं असेल ते बहिणीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. थोरल्या बहिणीला मंगळवेढ्याला दिल्यावर तिचं पत्र पहिल्या वर्षात एकदाही आलं नव्हतं, एवढं अण्णा एकदा बोलल्याचं मला आठवत होतं. दोन आणि दोन चार करायला मी तेव्हाही कमी पडलो नाही. फक्त वेळ चुकली.

एक गोष्ट मात्र मला त्या फराळाच्या ताटापुढे बसूनच लक्षात आली. आत्या चिकट आहे की समजूतदार, असा वाद आमच्या घरात अधूनमधून रंगायचा. तो वाद चुकीचा होता. ती चिकट होती म्हणूनच तिला हे सुचलं. ज्याच्या हातात सदा पैसा खुळखुळतो त्याला पंधरा पैशांवाचून कुणाचं काय अडतं, ते कसं कळणार? आम्ही बाकीच्यांनी बहिणीला पातेली दिली, डबे दिले, भिंतीवरचं घड्याळ दिलं. सगळं सासरच्या घरात मिसळून गेलं. तिचं एकटीचं असं काही द्यावं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानंतर आत्याने माझ्याशी चोख व्यवहार ठेवला. तिच्या मुलाच्या लग्नात मी पाचशे एक रुपये दिले होते. पुढे माझ्या मुलीच्या बारशाला तिचं पाकीट आलं. त्यात पाचशे रुपये होते. पाचाच्या शंभर नोटा, दोऱ्याने बांधलेल्या. वरचा रुपया नव्हता. घरातली एक पाहुणी नोटा मोजून हसत म्हणाली, “बघा, एक रुपयासुद्धा वाचवला!” सगळे हसले. मी हसलो नाही, याला थोरपणा म्हणता येत नाही. त्या रुपयाचा अर्थ त्या खोलीत तिच्या खालोखाल मलाच कळला होता. तिने आयुष्यात कधी कंजूषपणा केला असेल तर तो याच वेळी, आणि तो विचार करून केला होता.

माफी मागायची तर मी गेलोच नाही असं नाही. गेलो, पण कसा गेलो ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकात एका हिवाळ्यात मी मंगळवेढ्याला गेलो. बरोबर नेली होती एक इरकल साडी, चांगली जड, रेशमी पदराची. म्हणजे जी चूक केली तिचीच भरपाई मी त्याच नाण्यात करायला निघालो होतो. आत्याने साडी हातात घेतली, पदर उलगडून बघितला, पोत बघितला, परत घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पावती आणलीस का?”

विचारताना ती हसत होती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ओठांच्या कडेला काहीतरी होतं. मी म्हणालो, “आत्या, माझं चुकलं.” ती म्हणाली, “कधी?” मी सांगू लागलो, तर “चहा टाकते” म्हणून उठली. तिने मला तो प्रसंग पुरा सांगू दिला नाही. परत निघताना तिच्या मुलाने एसटीच्या टपावर मालदांडी ज्वारीचं पोतं चढवलं. सांगोल्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. सांगोला सोडल्यावर माझ्या मनात आपोआप हिशेब सुरू झाला : पोत्याचं वजन, ज्वारीचा भाव. आकडा साडीच्या किमतीच्या आसपास येत होता. तिने साडी फेडली, की पुतण्या घरी आला म्हणून नवी ज्वारी दिली? मला ठरवता येईना. ते ठरवायचा अधिकार मी कधीच गमावून बसलो होतो. २००९ साली ती गेली, तोपर्यंतही ते ठरलं नाही.

इतकं झाल्यावर माणूस शहाणा होतो, असं पुस्तकात वाचलं आहे. माझं झालं एवढंच की मी दुसऱ्या टोकाला गेलो. स्वस्त वस्तू दिसली की मला तिच्यात माया दिसायला लागली. आमच्या वास्तुशांतीला एका सधन नातेवाइकाने काचेचा लेमन सेट दिला. पाहुणे गेल्यावर बायकोने नाक मुरडलं. मी तिला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं की भेटीची किंमत बघू नये, देणाऱ्याचा हात बघावा. ती ऐकत ऐकत खोक्यातले पेले बाहेर काढत होती. चौथ्या पेल्यात एक पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली. ‘चि. सौ. कां. ... हिस विवाहप्रीत्यर्थ’. नाव भलत्याच मुलीचं आणि साल आमच्या वास्तुशांतीच्या कितीतरी आधीचं. बायकोने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “बघा, हात.”

फिरता आहेर हीही आपल्याकडची जुनी चाल आहे. ब्लाउजपीस आणि टॉवेल-टोपी यांना तर फिरण्यासाठीच जन्माला घातलेलं असतं, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पण पेलेसुद्धा उघडून न बघता पुढे ढकलणं म्हणजे ते कुणाच्या घरी जातील याचा विचारच न करणं. तेव्हा कंजूषपणा नावाची वस्तू जगात आहे, हे मला मान्य करावं लागलं. मी ती चुकीच्या ठिकाणी शोधली होती.

नंतर ती स्वतःत सापडली. याच बहिणीच्या मुलाचं लग्न ठरलं. मी मामा. मामाचा मान मोठा, तसा आहेरही. त्या वर्षी मी नवी गाडी घेतली होती आणि हात आखडता होता. एका अशिलाने दिवाळीला पाठवलेली गुंतवणुकीवरची चार जाडजूड पुस्तकं कपाटात पडून होती, वेष्टनही फोडलेलं नव्हतं. मी ती रंगीत कागदात बांधली आणि वर लिहिलं : ‘ग्रंथ हेच खरे धन’. व्यासपीठावर देताना चार वाक्यंही बोललो. बहीण समोर उभी होती. ती काही बोलली नाही. फक्त पुस्तकं हातात घेऊन जरा तोलून बघितली. तिला आपल्या लग्नातली पोस्टकार्डं आठवली असतील का, मी विचारलं नाही. मला आठवली होती. पंचवीस कार्डांच्या मागे जेवढा विचार होता, त्याचा शंभरावा भागही त्या चार ग्रंथांमागे नव्हता. पैसे वाचले होते आणि वर साधेपणाचं नाव मिळालं होतं.

आयकराच्या कायद्यात भेटींविषयी एक गंमत आहे. भेटीवर वेगळा कर लावणारा १९५८ चा कायदा होता; १ ऑक्टोबर १९९८ पासूनच्या भेटींना तो लागू राहिला नाही. त्यानंतर आलेला नियम असा की परक्याकडून वर्षात पन्नास हजारांपेक्षा जास्त रकमेच्या भेटी मिळाल्या तर त्या उत्पन्नात धरायच्या. नातेवाइकाकडून मिळाल्या तर कितीही असोत, कर नाही. मग नातेवाईक कोण, याची यादी. त्या यादीत आईवडिलांची भावंडं आहेत. म्हणजे मामाने भाच्याला दिलं किंवा आत्याने पुतण्याला दिलं तर ती नातेवाइकाची भेट. पण भाच्याने मामाला दिलं किंवा पुतण्याने आत्याला दिलं तर कायद्याच्या लेखी तो परका, कारण यादीत भावंडांची मुलं नाहीत. अशिलांना हे समजावताना मी नेहमी माझ्या घरचं उदाहरण टाळत आलो. आत्या माझी नातेवाईक होती. मी तिचा नातेवाईक होतो का, याचं उत्तर कायद्याने माझ्याआधीच देऊन ठेवलेलं आहे.

२०१४ साली माझ्या मुलीचं लग्न झालं. पत्रिकेत मी ठळक अक्षरात छापलं : ‘कृपया आहेर आणू नये’. वही नाही, टेबल नाही, रकाने नाहीत. मला वाटलं, आपण सगळा प्रश्नच मुळापासून संपवला. लोकांनी कौतुकही केलं. पण गावाकडची मंडळी अस्वस्थ दिसत होती, पुढे यायची आणि हात बांधून मागे जायची. शेवटी एका म्हाताऱ्या चुलत्यांनी मला बाजूला घेतलं. “अरे, तुझ्या बापाने आमच्या तिन्ही पोरींच्या लग्नात घातलेलं आहे. ते आम्ही फेडायचं कुठे? तुला देता आलं नाही कधी, ते सोड. तुला घेताही येत नाही.”

मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात भेटीची तीन बंधनं सांगितली आहेत : देणं, घेणं आणि परत देणं. मी ते जेव्हा वाचलं तेव्हा पहिलं आणि तिसरं चटकन पटलं. दुसऱ्याला बंधन कशाला म्हणायचं, ते कळलं नव्हतं. कुणी दिलं की घ्यायचं, त्यात अवघड ते काय? चुलत्यांनी ते मला मॉसपेक्षा कमी शब्दांत समजावलं. आत्याच्या पुडक्यात काही उणं नव्हतं. उणं होतं ते घेणाऱ्या टेबलावर. आणि ‘आहेर आणू नये’ हे छापून मी त्याच टेबलावर पुन्हा बसलो होतो. या वेळी सगळ्यांच्या आहेरापुढे आधीच शून्य मांडून.

त्यानंतर मी कुणाला अडवलं नाही. संध्याकाळी पाठवणीच्या गडबडीत आत्याची सून मुलीजवळ गेली. मंगळवेढ्याहून पहाटेच्या गाडीने आली होती. तिने पिशवीतून काहीतरी काढलं, मुलीच्या मुठीत दाबलं आणि मूठ मिटून दिली. मुलीने मूठ किंचित उघडून बघितली आणि खळखळून हसली. त्या दोघी पुढे कितीतरी वेळ बोलत होत्या.

काय होतं ते मी मुलीला अजून विचारलेलं नाही. त्यासाठी स्वतःला फार आवरावं लागतं, हे खोटं कशाला बोलू. ती माहेरी आली की प्रश्न ओठांपर्यंत येतो, आणि त्याच्या पाठोपाठ, केवढ्याचं असेल हाही येतो. दुसरा येतो म्हणून मी पहिलाही गिळतो.